ब्रीडरच्या दोन थैल्या
दिनांक १० फेब्रुवारी १९८६ रोजी धरणगावच्या अभिमन नानांनी चुडामणच्या हातावर एकशे पंचवीस रुपये पन्नास पैसे ठेवले. मुलगी बघायला आलेल्या मुलाला वधुपित्याने दिलेली ही रक्कम हुंड्याची नव्हती, बियाण्याची होती. मध्यस्थ म्हणून मी शेजारीच बसलो होतो.

चुडामण म्हणजे पिंप्राळ्यातल्या आमच्या शेजारीण झुंबरबाईंचा धाकटा. मद्रासजवळ कल्पाक्कमच्या अणुसंशोधन केंद्रात वेल्डर. ‘अणु’ ऐकून तीन स्थळांनी नकार कळवला होता, म्हणून या वेळी आईची ताकीद होती की, तो शब्द काढायचा नाही.

नानांनी विचारले, “तठे काय बनाडतस, भाऊ?”

“ब्रीडर.”

कापसाच्या मुलखात ब्रीडर म्हणजे बियाणे केंद्रातले मूळ बियाणे. नाना सरसावले. “चांगलं निंघस का?”

“जितकं घालतो त्यापेक्षा जास्त निघतं, नाना.” बोलला ते खरेच होते.

“मंग माले दोन थैल्या लागतीन!”

चुडामणने माझ्याकडे पाहिले. मी पोह्यांकडे पाहिले. पैसे त्याच्या खिशात गेले आणि साखरपुडा ठरला.

साखरपुड्याच्या सकाळी बोदवडहून नानांचे मेहुणे लीलाधर मास्तर आले आणि कल्पाक्कम म्हणजे काय ते सांगून मोकळे झाले. साखरेचे ताट झाकून ठेवण्यात आले. आम्हाला ओसरीवर बोलावणे आले.

“बियानं नही?”

“नाही, नाना. अणुभट्टी आहे. इंधन जळता जळता नवीन तयार होतं.”

“पानी किती लागस?”

“पाणी चालत नाही. वितळलेलं सोडियम फिरवतात. त्याला पाणी लागलं की पेटतं.”

“पानी लागनं का पेटस! असं वावर मी जलममा देखेल नही.”

चुडामणचा चेहरा चौथ्या नकाराला तयार झाला. तेवढ्यात दारातून नवरी मुलगी प्रमिला म्हणाली, “नाना, ते ब्रीडरच म्हणाले होते. बियाणं तुम्ही म्हणाला.” मग थेट चुडामणला विचारले, “तुम्ही स्वतः काय करता तिथे?”

“नळ्या जोडतो. थेंबभरही गळायला नको.”

“आमच्या विहिरीवरचा पाइप तीन पावसाळे गळतोय.”

नव्या सफारीचा कोट नानांच्या खुंटीला टांगून चुडामण विहिरीवर गेला. गावातल्या गॅरेजवाल्याचे वेल्डिंग मशीन बैलगाडीतून आणले. मोटार सुरू केली तेव्हा पहिल्याच फवाऱ्याने तो नखशिखांत भिजला, पण दुसऱ्यांदा सुरू केल्यावर सांधा कोरडा राहिला. नानांनी त्यावर हात फिरवून पाहिला, मग भिजलेल्या जावयाकडे पाहिले.

“पानी लागनं, तरी हाऊ पेटना नही. साखर काढा!”

लग्न मे महिन्यात झाले. चुडामणने जळगावच्या दुकानातून बियाण्याच्या दोन थैल्या एकशे वीस रुपयांना घेऊन नानांना पोचत्या केल्या. आता त्याला दोन मुले आहेत. दर दिवाळीला तो सासुरवाडीला येतो. नानांचे साडेपाच रुपये त्याच्याकडे अजून येणे आहेत.