ह्यांना दवाखान्यात नेलंय

त्या सूचनांमध्ये तारीख असायची, वेळ असायची, काय घडलं तेही असायचं. 'यंत्र बंद पडले आहे.' कोणतं यंत्र, त्याचा रकाना मात्र रिकामा.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात, राजारामपुरीत, दोन खोल्यांत आमची कंपनी चालायची. गावोगावच्या दूध संस्थांचं संकलन आमच्या सॉफ्टवेअरवर नोंदवलं जाई. पूर्वी ऑफिसातच एक सर्व्हर होता. तो बंद पडला की त्याच्या पंख्याची घरघर थांबायची आणि आम्हाला कळायचं. पुढे आम्ही दूरच्या एका कंपनीची यंत्रं भाड्यानं घेतली. ती कुठं आहेत हे आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. याला क्लाउड म्हणतात एवढं ऐकून होतो. तिथं काही बिघडलं की ईमेल यायची.

अशी नऊ यंत्रं होती. त्यांना मी माझ्या थोरल्या भावाच्या म्हशींची नावं दिली होती. दुधाचंच काम, म्हणून सगळ्यांना ती गंमत वाटायची. शेजारी बसणारी सहकारी मेल आली की म्हणायची, "सर, एक म्हैस आटली."

"कुठली?"

"ते त्यास्नी म्हाईत. आपण चरवी घिऊन गोठाभर फिरायचं."

मी त्या कंपनीला पत्र लिहिलं. नम्र उत्तर आलं: या प्रकारच्या सूचनेत यंत्राचं नाव येत नाही, बाकी सूचना बरोबर आहे. ती बरोबरच होती. तिच्यात खोटं काही नव्हतं. मी परत लिहिलं. मग परत. शेवटी सहकारी म्हणाली, "सर, नऊ तर हायत. एकेक उघडून बघितलं की दहा मिनिटांत कळतंय. त्या एका रकान्यापायी किती जीवाला लावून घ्याल?"

त्याचं कारण सांगायचं तर बारा-तेरा वर्षं मागं जावं लागलं असतं.

तेव्हा मी कबनूरला एका कापडाच्या पेढीवर होतो. पेढीत नवीन कॉम्प्युटर आला होता आणि तो चालवणारा मी एकटाच होतो. घर कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीत. घरी आई, वडील, थोरला भाऊ आणि वहिनी. मी शिकलो तो भावामुळं. दहावीनंतर त्यानं स्वतःची शाळा सोडली आणि मला सांगितलं, "तू वाच. गोठ्याचं मी बघतो." त्याच्या प्रत्येक म्हशीला नाव होतं आणि अंधारात नुसत्या पावलांवरून तो त्यांना ओळखायचा.

एके दिवशी मी मागच्या गोदामात होतो. साडेबाराला पुढं आलो तर पेढीच्या दिवाणजींनी कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर निरोप लिहून ठेवलेला. त्यांचं अक्षर सुंदर होतं. 'घरून फोन, ११.४०. ह्यांना दवाखान्यात नेले आहे. लगेच यावे.'

"कुणाचा आवाज होता?" मी विचारलं.

"बाईमाणूस होतं. तुमच्या आईच असतील. मी इचारलं की, कुणाला न्हेलंय? तर म्हणाल्या, ह्यांना, ह्यांना. आता त्यास्नी आणि काय इचारायचं?"

आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. दिवाणजी जुन्या वळणाचे, त्यांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी पुढं विचारलं नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही. वडिलांना हृदयाचा त्रास होता आणि महिनाभरापूर्वीच ते एकदा घामाघूम होऊन खाली बसले होते. मला निरोप पूर्ण वाटला.

सीटवर भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये दाटीनं बसून मी कोल्हापूर गाठलं. वडिलांना नेहमी नेत असू त्या शाहूपुरीतल्या डॉक्टरांकडं गेलो. काउंटरवरच्या बाईंनी वही पाहिली. "या नावाचं कुणी आलं न्हाय." मला वाटलं, गावाकडून गाडी मिळाली नसेल, वाटेत असतील. बाकावर बसून राहिलो. समोरच एसटीडी बूथ होता. गावातल्या किराणा दुकानात फोन करून 'कुणाला?' एवढं विचारता आलं असतं. दीड तास मी त्या बूथकडं बघत बसलो होतो.

मग घरी गेलो. सोप्यात वडील बसले होते, भिंतीला टेकून, जिवंत. मला इतकं बरं वाटलं की मी हसलो. ते हसू मला अजून आठवतं. तोंडावर उमटताना कसं वाटलं तेसुद्धा.

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. "तू हितं कसा? त्याच्याकडं गेलतास न्हवं? कसा हाय?"

भावाला उसात वैरण कापताना साप चावला होता. आई, वहिनी आणि भावकीतले दोघं त्याला जीपमधून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले होते. जायच्या आधी वहिनीनं दुकानातून फोन केला होता. वडिलांना जीपमध्ये जागा नव्हती, म्हणून ते मागं राहिले होते.

आम्ही दोघं पोचलो तेव्हा तो गेला होता. अर्धा तास झाला होता. दाराकडं बघून तो दोनदा म्हणाला, "बारका आला का?" हे आईनं सांगितलं. केसपेपरच्या खिडकीवर पेशंटचं नाव विचारलं तेव्हा वहिनी गप्प उभी राहिली होती. नाव आईनं सांगितलं.

तेराव्यानंतर ती एकदाच म्हणाली, "माझंच चुकलं, भाऊजी. नाव घ्याय पायजे होतं."

"न्हाय," मी म्हणालो. "मी इचाराय पायजे होतं."

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. नाव न घेऊन तिनं त्याचं आयुष्य जपलं होतं. रिकाम्या जागी वडिलांना बसवलं ते मी.

तर, त्या कंपनीनं काही रकाना भरून दिला नाही. मग मी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. सूचना आली की तो नऊही यंत्रांना पाळीपाळीनं हाक मारायचा: आहेस का? आठ उत्तर द्यायची. जे देत नसे त्याचं नाव पडद्यावर यायचं. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा सहकारीनं टाळी वाजवली. "आता कसं बेस झालं की, सर." मी जरा बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्याच वर्षी, वडील जाऊन दोनेक वर्षं झाली होती, ऑफिसात असताना माझा मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता. पलीकडं वहिनी होती, पण तिनं रोजच्यासारखं 'भाऊजी' म्हणून सुरुवात केली नाही. आधी स्वतःचं नाव सांगितलं. पूर्ण. स्वतःचं, मग मधलं, मग आडनाव.

मधलं नाव भावाचं. लग्नातल्या उखाण्यानंतर ते मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"ऐकताय न्हवं?" ती म्हणाली. "तुमच्या आईंना न्हेलंय. माझ्या सासूबाईंना. न्हाणीत पडल्या, कंबरंला लागलंय. बोलत्यात. शाहूपुरीत, मामंजींच्या, तुमच्या वडिलांच्या, डॉक्टरांच्या शेजारचा दवाखाना. पयला मजला, खोली सात. कळलं?"

"कळलं."

"परत सांगतो," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. स्वतःच्या नावापासून. मी मध्ये थांबवलं नाही.