शिखराआधी लागलेला फ्लेक्स

निगडीच्या चौकात फ्लेक्स लागला, तेव्हा माझी नात मंजुषा लडाखात तंबूत बसून ओले मोजे वाळवत होती. फ्लेक्सवर मात्र छापलेलं, 'हिमशिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध हात जोडलेले आमचे नगरसेवक दौलतराव, शेजारी मंजुषाच्याच टीममधला त्यांचा मुलगा अजिंक्य आणि कोपऱ्यात तिकिटाएवढी आमची मंजुषा.

एवढी घाई का? तर त्याच दिवशी दौलतरावांचा वाढदिवस. एका फ्लेक्सात दोन कामं.

मी दौलतरावांना म्हणालो, "आवो, पोरं अजून पायथ्याला हायेत."

"पोचतील की बाबा! चौथी शिकल्याली माणसं तुमी, तुमाला काय कळतंय?"

"चौथीत येवढं शिकवत्यात, आधी चढायचं, मग हार घालायचा."

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. बरंच झालं म्हणा.

मंजुषा चाकणला एका कंपनीत प्रेस मशीनवर आहे. पहिली शिफ्ट सुटली की सरावाला म्हणून सॅकमध्ये वजनाला गहू भरून घोराडेश्वराच्या डोंगराच्या पायऱ्या चढायची. एकदा सॅक उसवली आणि दळणाचा सगळा गहू पायऱ्यांवर. कबुतरांची दिवाळी झाली आणि घरी तिच्या आईचा शिमगा! पण बर्फाच्या शिखरावर एकदा उभं राहायचं, हे पोरीनं मनात धरलं होतं ते धरलंच.

टीम रणजीतची. तो दरवर्षी पोरं घेऊन हिमालयात जातो. टीमची जॅकेटं दौलतरावांनी दिलेली, पाठीवर अर्थातच त्यांचं नाव. रणजीत पहिल्या दिवसापासून मंजुषाला टोचून बोलायचा, "ए कंपनीवाली, इथं चहाची सुट्टी नसते." अजिंक्य फिदीफिदी हसायचा. मग पायथ्याला कुणाच्या तरी फोनवर फ्लेक्सचा फोटो आला आणि रणजीतचं तोंडच उतरलं. आता शिखर चुकवायची सोय उरली नव्हती.

शेवटच्या चढाईला चौघं एका दोरावर. पुढं लडाखी गाइड स्तान्झिन, मागं मंजुषा, मग अजिंक्य, शेवटी रणजीत. उजाडलं, शिखर समोर दिसायला लागलं. तेवढ्यात अजिंक्य हातमोजे काढून फेकायला लागला. म्हणे, उकडतंय! नाकाचं पाणी गोठत होतं आणि याला उकडत होतं. स्तान्झिन म्हणाला, "दिमाग को ठंड लगी है. नीचे."

रणजीत खवळला. "लीडर मी आहे. चल वर!"

"त्याची बोटं जातील," मंजुषा म्हणाली.

"खाली फ्लेक्स लागलाय. तोंड काय दाखवशील?"

"तोंड फ्लेक्सवर आहे ना? तेच बघा म्हणावं."

आणि बसली की बर्फात! दोर एकच. मधला माणूस बसला तर कोण कुठं जाणार? रणजीतनं दोराला हिसके दिले, शिव्या घातल्या. ज्याच्यासाठी बसली तो अजिंक्यसुद्धा तिला लाथा झाडत होता. ती शिखराकडं बघत रडत होती म्हणे, पण उठली नाही. शेवटी सगळे उतरले.

निगडीत ढोल-ताशा तयार. गाडीतून उतरताच दौलतरावांनी तिला बाजूला घेतलं. "वर पोचलो, एवढंच बोलायचं. माझं नाव हाय फ्लेक्सवर."

माइक हातात आला. मी पुढंच होतो. पोरीनं एकदा फ्लेक्सकडं पाहिलं.

"आम्ही वर पोचलो नाही. फ्लेक्स खोटा आहे."

ढोलवाल्या पोरांना काही कळलं नाही, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. दौलतराव ओरडत होते, "माझ्या चौकात माझा अपमान!" अजिंक्य, हातांना बँडेज बांधलेला, तिच्याकडं न बघता गाडीत जाऊन बसला. दाही बोटं शाबूत आहेत त्याची. पण आजही समोर आली की रस्ता बदलतो.

मंजुषानं काय करावं? सॅकमधला दोर आणि चाकू काढला, खांबावर चढली आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. कुणी टाळी वाजवली नाही. मी वाजवली, एकट्यानं.

तो फ्लेक्स आता आमच्या गोठ्यावर आहे. पाणी ठिपकत नाही. छापील बाजू आतून आल्यानं दौलतराव दिवसभर म्हशीला हात जोडून उभे असतात. मंजुषाचा कोपरा तेवढा मी कापून ठेवलाय. ती खरंच वर जाईल, तेव्हा लावीन.