निपाणीत नको

माझी संगीतिका परदेशातच व्हावी हा माझा हट्ट आहे, असं बेळगावात सगळ्यांना वाटायचं. "गावात कुणी ओ देईना आणि निघालाय सातासमुद्रापार," असं ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं तोंडावर ऐकवलं. मी हसून सोडून दिलं. खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. हट्ट माझा नव्हता, आईचा होता.

आई निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हातात कात्री. गल्लीतल्या बाया एकत्र बसायच्या आणि गायच्या, पण हात रिकामे असले की एकीच्याही तोंडून सूर निघायचा नाही. पान कापताना कात्री वाजायची आणि तिथंच सम यायची. पेटी मी पुढं कॉलेजात शिकलो, ताल त्याआधीच अंगात भिनला होता. मला नोकरी लागली, आम्ही बेळगावला आलो. सूप-कात्री टाकून दिली, असं आई सांगायची.

त्या बायांवर मी अख्खी संगीतिका रचली आणि पहिल्यांदा आईला ऐकवली. तिचे डोळे भरून आले. मग एकदम आवाज कडक झाला. "कुठं बी कर. निपाणीत नको, बेळगावात बी नको. लेक इंजिनिअर झाला, आता मला परत तंबाखूत बसिवणार व्हय रं? लोक काय म्हंतील?"

म्हणून परदेश. तिथं आम्हाला ओळखतंय कोण? पण आईला दिवसेंदिवस कमी ऐकू यायला लागलं होतं, आणि तिनं संगीतिका डोळ्यांनी बघावी, कानांनी ऐकावी एवढीच माझी इच्छा होती. परदेशातल्या नाट्यगृहांना पत्रं धाडली, पण उत्तरं येईपर्यंत मला दम निघेना. दात घासताना फोन, जेवताना फोन. घरातल्यांनी बोलणं सोडलं होतं. एका नाट्यगृहानं विचारलं, तुमच्याकडं राजाराणीचं काही नाही का? दुसऱ्यानं कळवलं, रंगमंचावर तंबाखू चालणार नाही. मी लिहिलं, चहापत्ती भरू! त्यावर उत्तरच नाही.

शेवटी एका छोट्या नाट्यगृहाच्या बाईंनी रेकॉर्डिंग मागवलं. मी नाचायचाच बाकी होतो. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला: गाणी अप्रतिम आहेत, फक्त मागची कचकच काढून पुन्हा पाठवा.

माझं डोकंच फिरलं. तसाच व्हिडिओ कॉल लावला आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, बाई, ती कात्रीची कचकच म्हणजेच ताल आहे, ती काढली तर उरतंय काय? बाई भल्या होत्या. त्यांनी तिथंच पुन्हा ऐकलं, माफी मागितली. पण मग म्हणाल्या, "आधी तुमच्या गावात प्रयोग करा आणि त्याचं चित्रण पाठवा. जिथली गोष्ट आहे तिथं झाली नसेल, तर आम्ही कुठल्या तोंडानं करायची?"

म्हणजे घोडं परत निपाणीतच पेंड खात होतं! बाईंचा राग आला, आईचाही आला. आठवडाभर घरात येरझाऱ्या घातल्या. रविवारी दुपारी आई मेथी निवडत बसली होती. तिच्या कानाशी वाकून एकदाचं सगळं सांगून टाकलं.

तिनं हातातल्या काडीची पानं खुडली. मग मान वर केली.

"काय वाटलं म्हणालास त्यांस्नी?"

"कचकच."

"कचकच!" तिनं मेथीची जुडी ताटात आपटली. "लई शाणी हाईत. आमच्या गल्लीत माझी कात्री सगळ्यांत खणखणीत वाजायची, ठावं हाय का त्यांस्नी?"

"न्हाय."

"मग कळू दे की. कर निपाणीत."

मला खरं वाटेना. घाईघाईनं म्हटलं, "आई, तुझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवतो."

"खुर्ची कशाला? मी वर स्टेजवर बसते, बायांत. जा, माळ्यावरचं सूप काढ."

माळ्यावर सूप आहे हे मला ठाऊकच नव्हतं. स्टुलावर चढून हात घातला, तर सुपात कात्रीही होती, तेल लावून फडक्यात गुंडाळलेली.