खळ लावलेला हात

"हाड जुळेल, बाई. हात राहील का, ते आत्ता सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

फ्रॅक्चर म्हणजे हाड मोडणं, हे मला त्या दिवशी दवाखान्यात कळलं. भवानी पेठेत आमचा हातमाग. आमचे हे विणायचे, मी सुताच्या कांड्या भरायची. एकदा मी आडावरच्या ओल्या दगडावरून घसरले, मनगटाच्या वर हात वाकडा झाला, भराभर सुजला. बोट लावलं तरी जीव जाई. मोडल्याचं आणखी काय लक्षण हवं?

पण आमचे हे मोठे हुशार. सुताला लावायची पिठाची खळ घेतली, तिच्यात फडकं बुडवलं, बांबूच्या कामट्या लावून हात पार बोटांपर्यंत गुंडाळला. "वाळलं की लाकडागत हुतंय बघ," म्हणाले. झालंही तसंच. वरून फडकं आवळत गेलं, आतून हात सुजत गेला. मी कण्हत पडले आणि हे बिचारे उशाशी बसून वारा घालत होते.

मग दुखायचं थांबलं. सुटले बाई, असं वाटलं मला. ह्यांनी मारुतीला नारळ फोडला, शेजारीपाजारी खोबरं वाटलं. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "बोटं गार का गं लागत्यात?" तेव्हा कुठं टांगा आणला.

डॉक्टरांनी कात्रीनं ते कवच कापलं. बोटं निळी पडली होती. त्यांनी टाचणी टोचली, मला कळलंसुद्धा नाही. "दुखणं वाढलं तेव्हाच यायचं होतं. थांबलं ते हातात रक्त पोचेना म्हणून," ते म्हणाले. माझाच हात, पण मला काही करता येईना. इतकी हतबल मी बाळंतपणातही झाले नव्हते.

डॉक्टरांचे उपकार, हात राहिला. बोटं मात्र आत वळली ती वळलीच. कांड्या भरणं संपलं.

बायांनो, मोडलेला हात ओढू नका, चोळू नका. सूज चढायच्या आत बांगड्या उतरवा. निघेनात तर खुशाल वाढवा, नवऱ्याला काही होत नाही. कापूस घालून कामट्या सैल बांधा, हात झोळीत घेऊन गळ्यात अडकवा, बोटं उघडी ठेवा. नख दाबून सोडा, तांबडं परत येतंय का बघा. दुखणं वाढलं, बोटं गार पडली, बधिर झाली, की बांधलेलं लगेच सोडा; आणि बोटं ठीक असली तरी दवाखाना गाठाच.

एका हातानं वेणी होत नाही. आता ती हे घालतात, इतकी सैल की दुपारपर्यंत सुटते. एकदा म्हटलं, "जरा आवळून घाला की." तर ह्यांनी पेड सोडले आणि माझ्या वळल्या बोटाचं नख दाबून बघितलं, तांबडं परत येतंय का. तेव्हापासून मी म्हणत नाही.