गायमुखाच्या उतारावरची शर्यत

ती घटना विसरू म्हटले तरी मला विसरता येत नाही. दर दसऱ्याला शेजारी कोणीतरी टांगा धुऊन दारात उभा करतो, तिळाच्या तेलाचा वास येतो, आणि गायमुखाचा उतार डोळ्यांपुढे उभा राहतो.

मी तेव्हा ठाण्याला फौजदार होतो. गावातल्या हौशी तरुणांना टांगे पळवण्याचा नाद लागला होता. हे भाड्याचे टांगेवाले नव्हेत. चांगले शिकलेले, कचेरीत लेखणी चालवणारे लोक. दसऱ्याच्या दुपारी माजिवड्याहून घोडबंदरच्या रस्त्याने गाड्या सोडायच्या आणि गायमुखाचा उतार उतरून खाडीकाठच्या वळणावर जो आधी पोचेल, त्याच्या हातात आपट्याचे पहिले सोने द्यायचे. बक्षीस एवढेच. रस्त्यावर गाडी भरधाव हाकणे गुन्हा आहे हे मला ठाऊक होते, पण सणाच्या दिवशी अर्धी कचेरी गजाआड घालणारा फौजदार अजून जन्मायचा आहे.

त्या वर्षी सगळ्यांची नजर एका कारकुनाच्या टांग्यावर होती. त्याचा जिवलग मित्र कल्याणला रेल्वेत फिटर. त्याने या टांग्याला नवा ब्रेक बसवला होता. साध्या टांग्याला चाकावर दाबणारा लाकडी ठोकळा असे, तो उतारावर नुसता कुरकुरे. याने ठोकळ्यांवर म्हशीच्या कातड्याचे थर रिबिटांनी ठोकले, आणि पायाखालची पट्टी अशी लांब केली की थोड्या दाबाने चाक जागच्या जागी धरले जाई. तो म्हणे, "थांबायची खात्री असते ना, तोच जोरात हाकतो." बाकीचे गडी वळणाच्या कितीतरी आधी लगाम खेचत. हा कारकून शेवटपर्यंत सुटणार होता.

आणि तो सुटला. वळण आले, त्याने पट्टी दाबली, टांगा थांबलाच नाही. कडेच्या दगडावर चाक आदळून गाडी उलटली. मांडीचे हाड मोडले, डोक्याला मार बसला. बेशुद्ध अवस्थेतच त्याला सिव्हिल हॉस्पिटलात नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गायमुखाकडचा एक मिठागरवाला स्वतः ठाण्यावर आला.

"सायेब, त्या फिटरनीच केलाय. आदल्या दिवशी दोघांचा भांडान झाला. 'त्या उतारावर मरशील' असा बोलला तो, आमी कानांनी आयकला. आन गाडी पडल्यावर चाकाखाली हात घालून उपरन्यानी कायतरी पुसत व्हता."

आमचे हवालदार मिशीला पीळ देत म्हणाले, "चोराच्या मनात चांदणं, रावसाहेब. पुरावा पुसला त्यानं."

मी फिटरला कल्याणहून आणवले. भांडणाचे त्याने लगेच कबूल केले. नवे कातडे बसायला आणखी एकदा उतारावर घासून घ्यायला हवे होते, कारकून ऐकेना, म्हणून रागाने बोललो, म्हणाला. पण उपरण्याचा विषय काढला की त्याच्या तोंडातून ब्र निघेना.

"काय पुसत होतास?"

"धूळ."

"मित्र तिकडे मरणाच्या दारात, आणि तू धूळ पुसतोस?"

मी त्याला साफ सांगितले की, असाच गप्प राहिलास तर जिवे मारण्याच्या प्रयत्नाचे कलम लागेल आणि मित्र दगावला तर फास. "लावा," एवढेच तो म्हणाला. गुन्हेगार मी पुष्कळ पाहिले. ते गप्प बसतात तेव्हा त्यांचे डोळे दार शोधत असतात. हा जमिनीकडे बघत होता. मला त्याचा राग येण्याऐवजी काळजीच वाटू लागली.

मी मुद्देमालाच्या टांग्यापाशी जाऊन स्वतः वाकून बसलो. पट्टी सरळ, खिळे जागच्या जागी, काही कापलेले नाही की सैल केलेले नाही. कातड्यावर बोट फिरवले तर बोट घसरले. तेल! पुसले तरी आत मुरले होते. मग रिबिटांच्या खाचांत काहीतरी लाल दिसले, म्हणून फिटरचे उपरणे मागवून उन्हात धरले. त्यावर हळदीचा पिवळा पट्टा होता आणि झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती.

मी ते उपरणे त्याच्यापुढे टाकले. "घात करणारा माणूस आधी हळदकुंकू वाहतो काय रे?"

तेव्हा तो रडला. म्हणाला, "रावसाहेब, पाया पडतो, हे लिहू नका. वहिनीनं पूजा केली हो. दसऱ्याला हत्यारांना तेल लावतात, तसं गाडीला लावलं. आणि ब्रेकवर नवऱ्याचा जीव, म्हणून त्याला सगळ्यांत जास्त लावलं असणार. ती माऊली घरात आली आणि महिन्याभरात सासरे अंथरुणाला खिळले. तेव्हापासून सासू तिला पांढऱ्या पायाची म्हणते. हे कळलं तर तिला घरात ठेवतील काय? मी चार वर्षं काढीन तुरुंगात. तिनं कुठं जावं?"

मी त्याला पाणी दिले आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

पुढे कारकून शुद्धीवर आला. जबाब घ्यायला मी फिटरलाही बरोबर नेले. फिटरने मित्राकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली, ते मी न पाहिल्यासारखे केले.

"ब्रेकला तेल कोणी लावले?" मी विचारले.

कारकुनाने मित्राकडे पाहिले आणि नजर छताकडे वळवली. सगळे त्याच्या ध्यानात आले असावे.

"मीच. करकर आवाज येत होता."

"आणि हळदकुंकू?"

"दसरा होता, रावसाहेब."

मी जबाब लिहून घेतला. खाली त्याची सही घेतली, फिटरला सोडून दिले आणि कागद बांधून टाकले. नोकरीभर मी खोटे जबाब फाडत आलो. तो मात्र मी सुवाच्य अक्षरात लिहिला. खोटे बोलणारा कोणाला वाचवतो आहे हे आधी बघावे, ही गोष्ट मला त्या खाटेपाशी कळली. स्वतःला वाचवणारे रोज भेटतात.

पुढच्या दसऱ्याला कारकुनाने मला आग्रहाने घरी बोलावले. तो काठी टेकत चालत होता. टांगा दुरुस्त होऊन अंगणात उभा होता, पण शर्यतीचे नाव कोणी काढले नाही. फिटर कल्याणहून आला, मग पूजा सुरू झाली. कारकुनाची बायको तेलाची वाटी घेऊन टांग्याभोवती फिरू लागली. आसाला तेल, कड्यांना तेल, चाबकाच्या मुठीला तेल. ब्रेकपाशी आली आणि थांबली. सासू ओसरीवरून बघत होती. सुनेने वाटी खाली ठेवली, बोटे पदराला कोरडी होईतो पुसली आणि हलक्या आवाजात विचारले,

"भावोजी, ह्याला तेल चालत नाही ना?"

फिटरने मान खाली घातली. कारकून घोड्याची आयाळ चाचपू लागला. आम्ही तीन बाप्ये वर्षभर तिच्यापासून जे लपवत होतो, ते ती वर्षभर एकटी उरात घेऊन वावरत होती.

तिने ब्रेकवर झेंडूचे एक कोरडे फूल ठेवले आणि हात जोडले.

सोने लुटायला अजून अवकाश होता. रिवाजही असा की लहानाने मोठ्याला द्यायचे. पण खिशात आपट्याची पाने होती. मी पुढे झालो आणि त्या वर्षीचे पहिले सोने त्या पोरीच्या ताटात ठेवले.