मामींची शाळा सुटतच नाही

आमच्या मामी जगात कशालाच भीत नाहीत, त्यामुळे त्यांच्या वाटणीचंही मलाच घाबरावं लागतं. दिल्लीच्या मे महिन्याला त्या भीत नाहीत, सरोजिनी नगरच्या बाजारातल्या रविवारच्या गर्दीला भीत नाहीत, आणि पाच मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायला तर मुळीच भीत नाहीत. मामी म्हणजे माझ्या आईच्या चुलतभावाची बायको. मामा केंद्र सरकारात आहेत. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये ते राहतात, पण घरात मत देत नाहीत. मी सोलापूरकडचा, नववीत शाळा सुटलेला. नोएडाच्या एका कपड्याच्या कारखान्यात दुपारच्या पाळीचं काम लागलं, तेव्हा खोली मिळेपर्यंत चार दिवस म्हणून त्यांच्याकडे उतरलो आणि दोन वर्षं राहिलो. बंद केलेल्या बाल्कनीत माझी गादी असे. रोज सकाळी उठलो की पहिला विचार हाच यायचा, की आज हे लोक आपल्याला जा म्हणतील.

शाळेशी मामींचं भांडण बदल्यांवरून झालं. मामांच्या बदल्यांपायी थोरली मुक्ता तीन राज्यांत तीनदा पहिलीत बसली. चौथ्या ठिकाणीही तेच ऐकल्यावर मामी म्हणाल्या, "मग पहिली माझ्याकडेच होऊ दे." त्यानंतरच्या चौघांनी वर्ग पाहिलाच नाही. भूगोल जिन्यात व्हायचा. आमच्या ब्लॉकमध्ये सगळ्या देशातून बदलून आलेले लोक. मामी मुलांना डोळे मिटून खालून वर चढायला लावत आणि वासावरून राज्य ओळखायला सांगत. मोहरीचं तेल आलं की बंगाल, खोबरेल आलं की केरळ. आपल्या मजल्यावर पोचल्यावर धाकटी ओवी दरवेळी "इथे काहीच शिजत नाहीये" असं जाहीर करायची, कारण मामी भूगोल शिकवत असल्या की महाराष्ट्रात चूल पेटत नसे. रस्त्यांवरच्या पाट्या चार लिप्यांत असतात, त्या वाचून तन्मय गुरुमुखी आधी शिकला आणि बाराखडी नंतर. विज्ञान म्हणजे कुकर. तो चालू असताना शिट्टी का होते हे मामी इतक्या जवळून दाखवत, की मी बाल्कनीचं दार आतून लावून घेत असे.

पण मला खरा घाम फुटायचा तो मेट्रोत. 'रस्ता चुकणे' हा मामींचा स्वतंत्र विषय होता. दर आठवड्याला एक मूल पुढारी व्हायचं, ते म्हणेल त्या गाडीत चढायचं, आणि चुकलं तरी मोठ्यांनी सांगायचं नाही. एकदा निषादने आम्हाला लायब्ररीला म्हणून लायनीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. दारं बंद होताना पाचांतलं कोण आत, कोण बाहेर, हे मी बोटांवर मोजत होतो. मामी शांत. प्लॅटफॉर्मवर उतरल्या की त्या खणखणीत आवाजात हजेरी घेत: "मुक्ता, निषाद, रेवा, तन्मय, ओवी, सदा." भरगर्दीत, मिशा आलेल्या माणसाने शेवटी "हजर" म्हणायचं. लोक वळून बघत. पहिल्या वेळी माझा आवाजच फुटला नाही. नववीत शाळा सुटल्यावर एकदा मी गावी आमच्या जुन्या वर्गाच्या खिडकीखालून चाललो होतो. आत गुरुजी हजेरी घेत होते. माझ्या आधीच्या पोराचं नाव झालं आणि लगेच माझ्या नंतरच्याचं. मधे श्वासालाही जागा नव्हती. पटावरून नाव कमी होतं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मामींना हे ठाऊक नव्हतं. मी लाजतोय असं समजून त्यांनी सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असं पुन्हा विचारलं, "सदा आहे का नाही?"

घराबाहेर आमच्या ब्लॉकच्या रहिवासी संघाच्या सेक्रेटरी अंकलची भीती. ते गेटपाशी उभे राहून रोज विचारत, "आज छुट्टी है क्या, बेटा?" आणि रेवा रोज सांगे, "नहीं अंकल, चालू है." यातून कधीतरी चौकशी येणार, मामांच्या नोकरीपर्यंत जाणार आणि पहिला मी निघणार, अशी माझी खात्री होती. मामींना सांगितलं तर म्हणाल्या, "येऊ दे ना यार, चहा देऊ."

या घरात मी शाळेतला जाणकार होतो, हा त्यातला विनोद. आठवीपर्यंत का होईना, मी आत जाऊन आलेलो. मुलं माझ्याभोवती बसून जंगलातून परतलेल्या माणसाला विचारावं तसं विचारत. घंटा झाली की सगळे एकदम उठायचे? भूक लागली नसली तरी डबा खायचा? तहान लागली तर हात वर? मी मामींचा कल बघून शाळेची निंदाच करायचो. छड्या, गळकं छप्पर, सगळं. फक्त शाळा सुटायची गोष्ट निघाली की माझं मला भान राहायचं नाही. शेवटची घंटा, दप्तर पाठीवर आपटत धावणं, बांधावरची बोरं, लांबून दिसणारं आमचं दार. रेवा नऊ वर्षांची; तिने ती गोष्ट माझ्याकडून किती वेळा सांगून घेतली असेल देव जाणे. दिल्लीत वाढलेलं मूल. मामी एकदा पाहुण्यांना सांगत होत्या की सदाची शाळा नववीत सुटली. रेवाचे डोळे चमकले. "मग परत कधी भरली, सदादादा?"

मी म्हणालो, "नाही भरली."

एका सकाळी, मामी पोळ्या लाटत असताना, रेवा म्हणाली, "आई, मला शाळेत जायचंय. सदादादासारखी शाळा सुटायला पाहिजे."

लाटणं थांबलं. जी बाई कुकरच्या शिट्टीवरही बोलते, ती दिवसभर गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. मी बॅग भरून गादीखाली सरकवली. ज्या घराने मला आसरा दिला त्याच घरातलं मूल मी फितवलं होतं, आता माझं नाव कमी होणार यात शंका नव्हती. जेवायच्या आधी हजेरी झाली. मुक्ता, निषाद, रेवा, तन्मय, ओवी. मग मामी थांबल्या.

"सदा," त्या म्हणाल्या, "शाळेत असं काय होतं रे, जे मला देता येत नाही?"

मला बोलायचं नव्हतं, पण भीतीने खरं तेच तोंडातून निघून गेलं. "मामी, शाळेतून घरी येता येतं. ही पोरं कधी घरी येतच नाहीत. घरीच असतात."

मामांनी वाटीतून मान वर केली. लग्नानंतर प्रथमच त्यांनी मत दिलं असावं. म्हणाले, "बरोबर बोलतोय तो." मामींनी माझ्या ताटात पोळी वाढली. मग म्हणाल्या, "जेव. आणि गादीखालची बॅग काढ, कापूस एका बाजूला सरकतोय."

एप्रिलमध्ये रेवा जवळच्या शाळेत जायला लागली. मामी पहिल्या दिवशी गेटपर्यंत गेल्या, सेक्रेटरी अंकलांनी "आज छुट्टी नहीं?" विचारल्यावर रेवाचं दप्तर सरळ करत राहिल्या. घरची दुपारची हजेरी मात्र पूर्वीसारखीच. रेवाचं नाव घेत, उत्तर येणार नाही हे माहीत असून जरा थांबत, मग तन्मय. आणि काही दिवसांत मामींनी एक नवा विषय काढला: 'घरी येणे'. दुपारी उरलेल्या चौघांना रिकामी दप्तरं देऊन खाली पाठवायचं, बागेला एक फेरी मारायची, आणि वर यायचं. दार उघडून मामी गंभीरपणे म्हणत, "आलात? हात-पाय धुवा." मुक्ता सतरा वर्षांची, तिला लाज वाटायची, पण तीही धापा टाकत यायची.

आता मी नोएडात खोली घेतली आहे. रविवारी मेट्रोने मामींकडे जातो. मागच्या रविवारी जिना चढताना मोहरी गेली, खोबरेल गेलं, आणि वरच्या उघड्या दारातून जेवणाआधीची हजेरी ऐकू आली. मी पायरीवरच थांबलो. ओवीनंतर मामींनी माझं नाव घेतलं, आणि श्वासभर थांबल्या. मी गेल्यापासून रोज घेतात, ओवीने नंतर सांगितलं. मी खालूनच "हजर" म्हणालो. आतून आवाज आला, "आलास? हात-पाय धू."

मामांची बदली पुन्हा जवळ आली आहे म्हणतात. पूर्वी मला भीती होती, की मामी माझं नाव घेणार नाहीत. आता वाटते ती वेगळीच. दूरच्या कुठल्याशा गावी, नव्या जिन्यात, त्या ओवीनंतर माझं नाव घेतील, श्वासभर थांबतील, आणि मी इथे नोएडात असेन.