आत्याच्या पोटातल्या आडवाटा

इस्त्री गार पडली तरी इस्त्रीवाली गरमच, म्हणून गल्लीत सगळे तिला वाफ म्हणायचे. पुतणीला ती नुसती आत्या. पुतणी शाळा सोडून तिच्याच दुकानात लागली होती.

पाणी मारायला बाटली होती, पण आत्याला ती पटायची नाही. तोंडात पाणी घ्यायचं आणि कपड्यावर फुर्र! "बाटलीला काय कळतंय कुठे किती मारायचं?"

त्या सकाळी तिला जरा मळमळत होतं. पांढऱ्या शर्टावर फुर्र केलं आणि गुलाबी ठिपके उमटले. आत्याने शेजारची लाल ओढणी उचलली. "मेलीनं रंग सोडला बघ!"

"ओढणी कोरडी आहे, आत्या. रंग तुझ्या ओठांवर आहे."

"हिरडी असेल."

"आणि परवापासून संडासला डांबरासारखं काळं होतंय, तेपण हिरडीचंच?"

"हळू बोल, गिऱ्हाईक उभंय!"

पुतणीने गिऱ्हाइकाच्या तोंडावर शटर ओढलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "दारू किती वर्षं घेता?" पुतणी भडकली. "हिला चहासुद्धा चढतो!"

सोनोग्राफी झाल्यावर बाई म्हणाल्या, "चुकलं माझं." आत्याचं यकृत धड होतं. आतड्यांकडून त्याच्याकडे रक्त नेणारी मोठी शीर बंद होती, बहुतेक लहानपणीच गुठळी होऊन.

"मग रक्त जातं कुठून?" पुतणीने विचारलं.

"आडवाटेनं. हमरस्ता बंद झाला की गाड्या गल्लीबोळात घुसतात ना, तसं. अन्ननलिकेच्या बारीक शिरांतून. त्यांना एवढा भार झेपत नाही. फुगल्यात, एक झिरपतेय. फुटली तर तुमच्या आत्या इथवर पोचणार नाहीत. आजच घशातून दुर्बीण घालून त्या शिरांना रबरी कड्या लावू."

"उद्या लावा," आत्या म्हणाली. "हॉटेलच्या चादरी संध्याकाळी द्यायच्यात."

"चादरी गेल्या खड्ड्यात! तू गेलीस तर मला शिव्या कोण देणार?"

आत्या बाईंना म्हणाली, "घशात नळी म्हणजे बोलता नाही येणार?"

"थोडा वेळ नाही."

"एवढ्यासाठी तर गल्ली वर्गणी काढेल," पुतणी म्हणाली. आत्या हसली आणि सही केली.

कड्या बसल्या. पण आणखी शिरा बांधायच्या होत्या, काही आठवड्यांनी परत यायचं होतं.

"बघू," आत्या घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"बघू नाही." पुतणीने तिच्यासमोरच हॉटेलवाल्याला फोन लावला. "आज चादरी मिळणार नाहीत. आणि पुढची तारीख कळवते, त्या दिवशीपण दुकान बंद. का म्हणजे? आत्या माझी आहे."